रोजचा अर्धा तास: श्वास, वही आणि पेन्सिल

‘स्वतःसाठी वेळ काढा’ असं सगळेच सांगतात, पण त्या वेळात नेमकं करायचं काय हे क्वचितच कोणी सांगतं. मग तो वेळ मोबाइलमध्ये जातो, नाहीतर एखादा भला मोठा संकल्प सुरू होऊन आठवड्याभरात बारगळतो. या लेखात अर्ध्या तासाचा एक साधा क्रम दिला आहे: पाच मिनिटं श्वास, बारा मिनिटं लेखन, दहा मिनिटं रेखाटन आणि उरलेली तीन मिनिटं आवरायला. यासाठी लेखणीवर किंवा चित्रकलेवर हुकमत असायला हवी असं अजिबात नाही. अट एकच: यातलं काहीही कोणाला दाखवायचं नाही. हे पान उद्या कोणीतरी बघणार आहे असं वाटलं की माणूस खरं लिहीत नाही आणि चुकायलाही धजत नाही.

आधीची तयारी

दोन वह्या घ्या. लिहिण्यासाठी रेघांची आणि चित्रांसाठी कोरी, तीही शक्यतो ए-४ आकाराची. लहान पानावर हात मनगटातूनच हलतो आणि रेषा आखडते. वह्या साध्या असाव्यात. जाड, देखण्या वहीत पहिलं पान खराब होईल या भीतीनेच दिवसचे दिवस जातात. २बी पेन्सिल, सहज चालणारं पेन, चिकटपट्टी आणि एक टायमर एवढं पुरे. खोडरबर मुद्दाम घेऊ नका. टायमर मोबाइलवरचा नको, कारण वेळ बघायला उचललेला फोन लगेच खाली ठेवला जात नाही.

वेळ घड्याळाला नाही, तर रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा: ‘दात घासून झाले की मी खिडकीजवळच्या खुर्चीत वही घेऊन बसेन.’ ‘अमुक झालं की तमुक करेन’ अशा नेमक्या वाक्यात ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता नुसत्या इच्छेपेक्षा जास्त असते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलं आहे. वाक्यात जागा आणि आधीची कृती दोन्ही हव्यात. आदल्या रात्रीच वह्या त्या जागी मांडून ठेवा. शोधाशोध करावी लागली की निम्मा उत्साह तिथेच संपतो.

श्वास: पाच मिनिटं

पाठ टेकून बसा, दोन्ही पाय जमिनीवर आणि एक तळहात पोटावर. चार आकडे मनात मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. सेकंदाला एक आकडा धरला तर एका मिनिटात असे सहा श्वास होतात. सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा जास्त ठेवायचा, कारण श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हळू श्वास घेण्याऐवजी खोल श्वास ओढणं. छाती भरभरून श्वास घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग गरगरतं आणि बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर मोजणं थांबवा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. पुढच्या वेळी श्वास नेहमीएवढाच ठेवा, फक्त वेग कमी करा. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार चालेल. दम्यासारखा त्रास असेल तर श्वास कधीही ताणू नका.

लेखन: बारा मिनिटं

टायमर लावा, तारीख घाला आणि टायमर वाजेपर्यंत पेन थांबवू नका. शुद्धलेखन बघायचं नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. सुचेनासं झालं तर ‘काही सुचत नाही’ हेच पुन्हा पुन्हा लिहा. तीन-चार ओळींत मन स्वतःच कंटाळून दुसरीकडे वळतं. पहिलं पाऊण पान बहुधा किरकोळ कामांचं आणि कुरकुरीचं निघतं. ते तसंच निघू द्या, कामाचं त्याच्यामागे असतं.

सुरुवातीचे काही दिवस विषय हाताशी असलेले बरे. ‘आज मी काय टाळतोय?’, ‘काल कुठल्या क्षणी जीव हलका झाला?’, ‘कोणाला काय सांगायचं राहिलंय?’ अशा प्रश्नांपैकी एक रोज पानाच्या वर लिहा. ‘मला आयुष्यात काय हवं आहे?’ यासारखे अवाढव्य प्रश्न टाळा. त्यांतून सुविचार बाहेर पडतात, स्वतःबद्दल काही कळत नाही.

मनात जड काही साचलं असेल तर त्याची पद्धत वेगळी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, एका क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिलं होतं. घटना आणि त्याबद्दलच्या भावना अशा दोन्ही ज्यांनी लिहिल्या, ते लिहिल्यानंतर लगेच जास्त उदास झाले, पण पुढच्या महिन्यांत आजारपणासाठी आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. यातून घ्यायचं ते असं: दिवस मोजके ठेवा, घटनेसोबत भावनाही लिहा, आणि लिहून झाल्यावर मन थोडा वेळ जड राहणार हे गृहीत धरून लगेच महत्त्वाचं काम ठेवू नका. घाव अगदी ताजा असेल तर थांबा. लिहिताना सहन होईनासं झालं तर पेन खाली ठेवा आणि विषय बदला.

रोजच्या लेखनाचा एक धोका मात्र खरा आहे. तीच तक्रार, त्याच शब्दांत, पानामागून पान येत राहते. याला मोकळं होणं म्हणत नाहीत, हे घोळणं आहे. ओळखायची खूण सोपी: चार दिवसांपूर्वीचं आणि आजचं पान अदलाबदल केलं तरी फरक पडत नाही. पेनेबेकर यांच्या पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की ज्यांच्या लेखनात ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘लक्षात आलं’ असे शब्द दिवसागणिक वाढत गेले त्यांना लेखनाचा जास्त फायदा झाला. म्हणून अडकल्यासारखं वाटलं की दोन उपाय करून बघा. एक, तीच गोष्ट ‘मी’ऐवजी ‘तो’ किंवा ‘ती’ वापरून लिहा, अंतर आपोआप पडतं. दोन, ‘असं माझ्याच बाबतीत का?’ सोडून ‘नेमकं काय घडलं, कुठल्या वाक्यानंतर मी बिथरलो?’ असं विचारा.

वही कोणाच्या हाती लागेल ही धास्ती असेल तर सुट्या कागदांवर लिहा आणि फाडून टाका.

रेखाटन: दहा मिनिटं

लेखनाने मन आत वळलेलं असतं. रेखाटन त्याला बाहेरच्या वस्तूवर आणतं, म्हणूनच ते लेखनानंतर ठेवलं आहे. सुरुवात न बघता काढायच्या रेषेने करा.

कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा, नाहीतर तो हाताखालून सरकेल. न लिहिणारा हात समोर थोडा वळवून ठेवा. पेन्सिल कागदावर टेकवा आणि नजर मनगटाच्या कडेवर. आता मुंगी चालावी तशी नजर त्या कडेवरून हळूहळू सरकवा आणि त्याच गतीने पेन्सिल हलू द्या. कागदाकडे बघायचं नाही, पेन्सिल उचलायची नाही. प्रत्येक सुरकुती, नखाचा कोपरा, बोटाचं पेर दिसेल तसं रेषेत उतरू द्या. एका बोटाला साधारण मिनिटभर लागायला हवा. अख्खा हात एका मिनिटात संपला, तर नजर उड्या मारते आहे आणि पेन्सिल समोरचा नाही, डोक्यात ठसलेला ‘हात’ काढते आहे. चित्र वेडंवाकडं येईल, टोकं जुळणार नाहीत. ते तसंच यायला हवं. फार सुबक आलं तर बहुतेक मधेच कागदाकडे बघितलं गेलंय.

आठवडाभर हेच करा. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची समोर ठेवून तिच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार काढा, खुर्ची काढू नका. त्या आकारांना नाव नसल्यामुळे ते जसे दिसतात तसेच काढावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात कागद चुरगाळून एका दिव्याच्या उजेडात ठेवा आणि डोळे किलकिले करून फक्त तीन छटा भरा: कोरा कागद, मधली, गडद.

आवरताना, आणि दिवस चुकला तर

शेवटच्या तीन मिनिटांत आजच्या पानाखाली एकच ओळ लिहा: उद्याचं एक छोटं काम, त्याच दिवशी होईल असं. मग वह्या परत जागेवर.

एखादा दिवस बुडाला की ‘आता मोडलंच’ म्हणून सोडून देण्याची घाई होते. सवयींवर संशोधन करणाऱ्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला लागलेले दिवस १८ ते २५४ इतके वेगवेगळे होते, मध्यक ६६, म्हणजे साधारण निम्म्या लोकांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त. एखाद्या दिवसाच्या खंडाने विशेष फरक पडला नव्हता. म्हणून चुकलेला दिवस दुप्पट वेळ बसून भरून काढू नका. धावपळीच्या दिवसासाठी छोटा पर्याय ठरवून ठेवा: दहा श्वास, तीन ओळी आणि एका बोटाचं चित्र.

दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

लेखनाची पानं रोज मागे जाऊन वाचू नका. महिन्यातून एकदा, हातात वेगळ्या रंगाचं पेन घेऊन वाचा आणि जे नाव, जी तक्रार, जी इच्छा तीनदा किंवा जास्त वेळा आली आहे तिच्याखाली रेघ मारा. पुढच्या महिन्याचे प्रश्न त्या रेघांमधूनच निवडा.