अपग्रेडनंतर फाइल उघडेना, विंडो दिसेना: विंडोजमध्ये कुठून तपासायचं

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि बऱ्याच संगणकांवर विंडोज ११ चढलं. त्यानंतरच्या दोन हमखास तक्रारी म्हणजे जुन्या फाइल ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतात आणि प्रोग्राम चालू असूनही त्याची विंडो कुठे सापडत नाही. दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा जुनी नोंदच असते. फाइलवर जुन्या खात्याची नोंद असते आणि प्रोग्रामकडे जुन्या स्क्रीनची. डेटा जागेवरच असतो, त्यामुळे घाईने काही फॉरमॅट करू नका.

आधी अपग्रेड कसं झालं ते पाहा. आहे त्या विंडोजवरच नवी आवृत्ती चढवली असेल, तर खाती जशीच्या तशी पुढे येतात आणि परवानग्या सहसा बिघडत नाहीत. सी ड्राइव्ह पुसून नव्याने विंडोज टाकलं असेल, तर डी ड्राइव्हवरचे किंवा बाहेरच्या डिस्कवरचे फोल्डर अडून बसतात. विंडोज खातं नावावरून ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एसआयडी नावाचा लांबलचक ओळख क्रमांक मिळतो आणि फाइलवर मालक म्हणून तोच लिहिलेला असतो. नव्या विंडोजमध्ये तेच नाव, तोच पासवर्ड ठेवला तरी क्रमांक नवा मिळतो. फाइलच्या दृष्टीने तुम्ही परके.

खात्री करायला फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘सिक्युरिटी’ टॅब उघडा. यादीत ‘अकाउंट अननोन’ आणि त्यापुढे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा आकडा दिसला, तर तो तुमच्या जुन्या खात्याचा. हा टॅबच दिसत नसेल, तर ती डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा फॅट३२ या साध्या पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे. तिथे अशा परवानग्या नसतातच, त्यामुळे दोष दुसरीकडे शोधावा लागेल.

मालकी परत घेण्यासाठी प्रशासक खात्याने लॉग-इन करा. ‘सिक्युरिटी’मधून ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जा. वर ‘ओनर’समोर ‘चेंज’ आहे, ते दाबा. नाव टाइप करून ‘चेक नेम्स’ला ते सापडलं नाही, तर पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘फाइंड नाउ’ आणि यादीतून खातं निवडा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करणाऱ्यांना इथे हमखास अडकायला होतं, कारण स्क्रीनवर दिसणारं नाव आणि आतलं नाव वेगळं असतं. आता ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’वर टिक करा, ‘अप्लाय’ दाबा आणि सगळ्या खिडक्या ओके करून बंद करा. बंद करणं महत्त्वाचं आहे. नवी मालकी त्याच खिडकीत लगेच दिसेलच असं नाही.

मालकी मिळाली म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. मालकाला परवानग्या बदलण्याचा हक्क मिळतो, फाइल वाचण्याचा आपोआप नाही. म्हणून पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’ उघडा, ‘ॲड’, मग ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’, आपलं खातं, ‘फुल कंट्रोल’. ‘अप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स’ असायला हवं. हजारो फाइल असतील तर पट्टी बराच वेळ सरकत राहते, ती मध्येच थांबवू नका. अर्ध्या फाइल नव्या परवानगीच्या आणि अर्ध्या जुन्या, अशी खिचडी होते.

‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकणं हा सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. फाइल उघडते खरी, पण त्या संगणकावरच्या कोणत्याही खात्याला ती पुसताही येते. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरांची मालकी तर घेऊच नका. तिथला मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ हे विंडोजचं स्वतःचं खातं आहे आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे. सी ड्राइव्हवरचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ उघडत नाही म्हणूनही हैराण होऊ नका. जुन्या प्रोग्रामांसाठी ठेवलेली ती नुसती वाट आहे आणि ती बंदच असायची.

मालकी घेऊनही फाइल अडली तर तिच्या चिन्हावर कुलूप आहे का पाहा. ‘प्रॉपर्टीज’, ‘जनरल’, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘एन्क्रिप्ट कंटेंट्स’वर टिक असेल, तर फाइल सांकेतिक रूपात कुलूपबंद आहे आणि परवानग्यांशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही. जुन्या विंडोजमधलं प्रमाणपत्र, म्हणजे निर्यात करून ठेवलेली पीएफएक्स फाइल लागेल. त्याउलट, फाइल उघडते पण सेव्ह होत नाही आणि प्रोग्राम ‘फाइल सापडली नाही’ असं काहीतरी विचित्र म्हणतो, तेव्हा संशय ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’वर, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला ठरावीक फोल्डरांत लिहू न देणाऱ्या विंडोजच्या संरक्षणावर घ्या. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त अडवल्याची नोंद असेल. संरक्षण बंद न करता तेवढ्या एका प्रोग्रामला परवानगी द्या.

आणखी एक बारकावा. एनटीएफएसच्या, म्हणजे अशा परवानग्या साठवणाऱ्या पद्धतीच्या एकाच ड्राइव्हवर फाइल कट-पेस्ट केली की ती जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी केली की नव्या फोल्डरच्या परवानग्या लागू होतात. फाइल वाचता येत असेल पण बदलता येत नसेल, तर कॉपी करणं हाच सर्वांत सोपा उपाय.

परवानगीच्या कटकटीला कंटाळून काही जण प्रोग्रामच्या ‘कंपॅटिबिलिटी’ टॅबमध्ये ‘रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’वर कायमची टिक करतात. मग नवंच दुखणं सुरू होतं. फाइल एक्सप्लोररमधून फाइल ओढून त्या विंडोत टाकायला गेलं की माउसजवळ बंदीचं चिन्ह येतं, आणि जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह त्या प्रोग्रामला दिसेनासे होतात. साध्या अधिकाराच्या विंडोने वरच्या अधिकाराच्या विंडोला काही पाठवू नये, अशी विंडोजची रचनाच आहे. टिक काढा, ड्रॅग पुन्हा चालू लागेल.

आता हरवलेली विंडो. टास्कबारवर चिन्ह आहे, त्याखाली रेघ आहे, पण पडद्यावर काही नाही. प्रोग्राम बंद होताना आपल्या विंडोची जागा लिहून ठेवतो. डावीकडे दुसरा मॉनिटर असताना ती जागा शून्याच्याही (म्हणजे मुख्य पडद्याच्या डाव्या कडेच्याही) डावीकडे, समजा उणे १९००, अशी असते. अपग्रेडनंतर मॉनिटरांचा क्रम बदलला किंवा एक निघाला, की विंडो त्याच रिकाम्या जागी उघडते. ऑल्ट-टॅबने तिच्यावर या. दोन मॉनिटर असतील तर कीबोर्डवरची विंडोज कळ, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा. एकच असेल तर ऑल्ट-स्पेस दाबा, मग एम, मग कोणताही एक बाण, आणि माउस हलवा. विंडो कर्सरला चिकटून येते, क्लिक करून सोडा. बाणाची कळ न दाबता नुसता माउस हलवला तर ती येत नाही, आणि बहुतेक जण इथेच हार मानतात. ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ आहे. आधी ऑल्ट-स्पेस आणि आर दाबा.

पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर विंडोज-पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडा. नसलेल्या टीव्हीकडे डेस्कटॉप ‘एक्स्टेंड’ झालेला असू शकतो. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘डिस्प्ले’, ‘मल्टिपल डिस्प्लेज’मध्ये मॉनिटर जोडणीनुसार विंडोंची जागा लक्षात ठेवण्याचा पर्यायही आहे, तो चालू ठेवावा.

अक्षरं धूसर दिसत असतील तर ‘डिस्प्ले’मध्ये ‘स्केल’ शिफारस केलेल्या आकड्यावर आणा आणि साइन-आउट करून परत या. एकाच जुन्या प्रोग्रामची अक्षरं धूसर असतील तर ‘कंपॅटिबिलिटी’तून ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, तिथे ‘ओव्हरराइड’वर टिक आणि ‘ॲप्लिकेशन’. सगळं बारीक झालं तर ‘सिस्टीम एन्हान्स्ड’ करून पाहा.

पडदा काळा पडणं, विंडो ओढताना मागे रेषा राहणं, हे ड्रायव्हरचं, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘डिस्प्ले ॲडाप्टर्स’खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, संगणकाच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या उत्पादकाचा टाका. नव्या ड्रायव्हरनेच बिघडलं असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकट असेल तर परत जायला जुना ड्रायव्हर ठेवलेलाच नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’, ‘रिकव्हरी’मध्ये ‘गो बॅक’ आहे. जुन्यावरच नवं चढवलं असेल तरच ते मिळतं आणि मुदत साधारण १० दिवसांची. त्यानंतर जुनं विंडोज ठेवलेलं ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर आपोआप पुसलं जातं, म्हणून त्यातल्या ‘युजर्स’मध्ये एखादी फाइल राहिली असेल तर ती त्याआधी बाहेर काढा. जागा मोकळी करताना ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर टिक केलीत, तर दहा दिवसांचीही वाट पाहावी लागत नाही, परतीचा मार्ग त्याच क्षणी बंद होतो.