उपग्रह होकायंत्र बोटीवरच्या नेटवर्कला जोडताना

तापी-पूर्णा संगमाखालच्या हतनूर जलाशयात गाळ मोजायचा, तर बोट कुठे आहे एवढे कळून भागत नाही. तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे हेही त्याच क्षणी कळावे लागते. दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडून तळ टिपणारे यंत्र असेल, तर दिशेतील एका अंशाच्या चुकीने ५० मीटरवरचा बिंदू सुमारे ८७ सेंटिमीटर सरकतो. म्हणून दोन अँटेनांना जोडणाऱ्या रेषेवरून दिशा काढणारे उपग्रह होकायंत्र वापरतात. त्याची माहिती नेटवर्कवर टाकली, म्हणजे नोंदी घेणारा आणि बोट हाकणारा या दोघांच्याही पडद्यावर ती येते.

बरीच होकायंत्रे एनएमईए ०१८३ पद्धतीच्या, म्हणजे जलवाहतुकीच्या यंत्रांत रूढ असलेल्या साच्यातल्या, मजकुराच्या ओळी सीरियल (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या) तारेतून पाठवतात. ही तार थेट नेटवर्क स्विचला लागत नाही. मध्ये या ओळी नेटवर्कच्या रूपात बदलणारा सीरियल-इथरनेट कन्व्हर्टर बसवावा लागतो. होकायंत्राचे आउटपुट आरएस-४२२ (जोडीतारांतून संकेत पाठवण्याची विद्युत पद्धत) असेल, तर कन्व्हर्टरही तेच घेणारा निवडावा. तारांवरची ए आणि बी ही अक्षरे सगळे उत्पादक एकाच अर्थाने छापत नाहीत. त्यामुळे पडद्यावर ओळींऐवजी निरर्थक चिन्हे उमटली आणि दोन्ही टोकांना तारेवरचा माहितीचा वेग सारखाच ठेवलेला असेल, तर त्या दोन तारांची अदलाबदल करून पाहावी.

वेगाचा हिशेब मात्र आधीच मांडावा. ४८०० बॉडवर (बॉड म्हणजे इथे सेकंदाला जाणारे बिट) सेकंदाला जेमतेम ४८० अक्षरे जातात. दिशेची एचडीटी ओळ वीसेक अक्षरांची असल्याने ती सेकंदाला दहा वेळा सहज मावते. पण स्थानाच्या आरएमसी आणि जीजीए या सत्तर-ऐंशी अक्षरांच्या ओळीही त्याच गतीने सुरू केल्या, की तार तुंबते आणि दिशा उशिरा पोहोचू लागते. दोन्ही टोकांना ३८४०० बॉड ठेवावे आणि नको असलेल्या ओळी बंद कराव्यात.

कन्व्हर्टरला कायमचा आयपी पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, आणि यूडीपी प्रसारण (पोचपावतीची वाट न पाहता सगळ्यांना एकदाच पाठवणे) निवडून एनएमईए ओळींसाठीच नोंदलेला १०११० हा पोर्ट, म्हणजे माहिती घेण्याचा दार-क्रमांक, ठेवावा. टीसीपी ही दुसरी पद्धत हरवलेला मजकूर पुन्हा पाठवते खरे, पण शिळी दिशा घेऊन कुणाला काय करायचे आहे? कन्व्हर्टरचा दिवा लुकलुकत असूनही सॉफ्टवेअर कोरे राहिले, तर आधी लॅपटॉपचा फायरवॉल (बाहेरून येणारी माहिती अडवणारी सोय) तपासावा.

सॉफ्टवेअरमध्ये एचडीटी, म्हणजे खऱ्या उत्तरेपासूनची दिशा, निवडली आहे ना, हे नीट पाहावे. खानदेशात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे चुकीची निवड इथे खपून जाते आणि तीच मांडणी दुसरीकडे नेल्यावर उघडी पडते. अँटेना बोटीच्या लांबीच्या रेषेत नसून आडव्या बसवल्या असतील, तर ९० अंशांची दुरुस्ती यंत्रात भरावी. मग बोट काठाला घट्ट बांधून, मोजलेल्या दोन खुणांच्या रेषेशी तिची दिशा ताडून पाहावी. पत्र्याच्या छतावरून परावर्तित होणारे संकेत फसवतात, म्हणून अँटेना छताच्या वर, मोकळ्या आकाशाखाली असाव्यात. पुलाखालून जाताना एचडीटी ओळ येते, पण तिच्यातला आकडा रिकामा असू शकतो. अशा वेळी सॉफ्टवेअरने जुनाच आकडा पुढे न रेटता तेवढा तुकडा वेगळा नोंदवावा, अशी सोय मोजणीपूर्वीच करून ठेवावी.