लहान पोराला पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर नेताना

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठेचा मामला. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावं पोरांच्या कानावर शाळेत जायच्या आधीच पडतात. त्यामुळे घरातल्या मामाला नाहीतर काकाला हटकून वाटतं, की पोराला पहिल्यांदा न्यायचं तर फायनललाच न्यायचं. पाच वर्षांच्या पोराला फायनल दाखवणं म्हणजे पोहायला शिकवायला पंचगंगेच्या पुरात सोडणं. पोरगं घाबरतं, रडतं, विसाव्या मिनिटाला घरी चल म्हणतं आणि पुढं दोन वर्षं स्टेडियमचं नाव काढत नाही.

पहिल्यांदा न्यायला सगळ्यात बिनमहत्त्वाचा सामना शोधा. लीग दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत स्पर्धांमागून स्पर्धा चालतात, त्यामुळे निवड करायला भरपूर वाव असतो. लीगच्या सुरुवातीचा, आठवड्याच्या मधल्या वारचा, गुणतक्त्यात तळाला असलेल्या दोन संघांचा सामना उत्तम. पेठेतल्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचा सामना टाळा, बाद फेरीचा टाळा. बाद फेरीत बरोबरी झाली की टायब्रेकर, म्हणजे पेनल्टी मारून निकाल, होतो आणि त्या दहा मिनिटांत गॅलरीचा ताण सगळ्यात जास्त असतो. दिवसाला दोन सामने असले तर मोठा सहसा नंतरचा असतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारचा पहिला सामना बघून, मोठ्या सामन्याची गर्दी आत शिरायच्या आधी बाहेर पडता येतं. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी नेऊच नका. गॅलरीच्या सिमेंटच्या पायऱ्या इतक्या तापतात, की हाफ चड्डीतलं पोरगं टेकूही शकत नाही.

वयाचं म्हणाल तर पाच-सहा वर्षं बरी. तीन-चार वर्षांच्यालाही नेता येतं, पण मग एकच हाफ बघायचा असं आधीच ठरवून जा. पूर्ण सामना ४५-४५ मिनिटांचा, मध्ये १५ मिनिटांची विश्रांती, वर दुखापतीचा वेळ. म्हणजे पावणेदोन तास सहज जातात. काही स्थानिक स्पर्धांत हाफ लहान ठेवतात, ते विचारून घ्या. अर्धवट बघून उठायला मोठ्यांचा जीव होत नाही, ही खरी अडचण. ज्याला स्वतःलाच सामना शेवटपर्यंत बघायचाय, त्याने त्या दिवशी पोराला नेऊ नये. एका मोठ्या माणसामागे एकच लहान मूल. दोन पोरं आणि एक बाप, हा हिशोब शौचालयापाशी फसतो.

आदल्या आठवड्यात घरी फक्त तीन गोष्टी सांगा: बॉल जाळीत गेला की गोल, हाताने खेळायचं नाही, आणि गोलकीपरला मात्र त्याच्या चौकोनात हात लावायला परवानगी. ऑफसाईड सांगत बसू नका. गॅलरीत तावातावाने बोलणाऱ्या निम्म्या लोकांनाही तो कळलेला नसतो. गोलपोस्ट केवढा असतो ते मात्र दाखवा. ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. अंगणात नाहीतर गच्चीवर खडूने तेवढी रुंदी आखली, की पोराच्या चेहऱ्यावरच दिसतं की एवढ्या मोठ्या जागेत एकटा माणूस काय अडवणार, हा प्रश्न त्याला पडलाय. तो प्रश्न मैदानावर घेऊन गेलं, की बघायला कारण मिळतं.

कपडे साध्या रंगाचे. कोणत्याही संघाची जर्सी घालू नका, आपल्या पेठेचीही नको. मैदानात कोणत्या बाजूला जागा मिळेल याची खात्री नसते, आणि समोरच्या समर्थकांत बसायची वेळ आली तर लहान पोराच्या टी-शर्टवरूनही टोमणे सुरू होतात. टोपी घ्या. पायात पट्ट्याचे सँडल किंवा बूट. चप्पल पायऱ्यांवरून घसरते आणि गर्दीत निघून जाते.

पिशवीत एवढंच:

- पाण्याची मऊ प्लॅस्टिकची बाटली. स्टीलची किंवा काचेची गेटवर अडवू शकतात, कारण ती फेकली जाते.
- बसायला जुनं बेडशीट किंवा चौपदरी घोंगडी.
- चपाती-भाजीचा रोल, केळं, बिस्किटं.
- एक जादा चड्डी, ओला रुमाल.
- कानावर बसणारे आवाजरोधक हेडफोन.

खाण्याबद्दल एक गोष्ट कडकपणे पाळा. गॅलरीत शेंगदाणे आणि भडंग फिरत असतं. पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खे शेंगदाणे देऊ नका. गोल झाला की पोरगं तोंडात घास असताना ओरडतं, उडी मारतं, आणि दाणा श्वासनलिकेत जायला तेवढं पुरतं. भडंग द्यायचंच तर दाणे आणि लसूण वेचून नुसते चिरमुरे हातावर द्या.

आवाजाचं आधीच बघा. हलगी, ताशा, पिपाण्या आणि गोल झाल्यावरचा कल्ला, यात लहान मूल दचकतं ते आवाज मोठा असतो म्हणून, आणि त्याहून जास्त तो अचानक येतो म्हणून. हेडफोन घरी घालून बघा, मिक्सर लावून. पहिल्यांदा मैदानावरच चढवले तर पोरगं ते काढून फेकतं. कापसाचे बोळे कामाचे नाहीत, आवाज फारसा अडत नाही. कानात घालायचे छोटे प्लग या वयात नकोत, ते तोंडात जातात. हेडफोन सतत घालून ठेवायचीही गरज नसते. बॉल गोलपोस्टच्या जवळ गेला की चढवायचे, लांब गेला की मानेवर. पाच-सहा वर्षांचं पोरगं हे दहा मिनिटांत स्वतःच शिकतं आणि त्यातून त्याला खेळ कुठं चाललाय हेही कळायला लागतं.

सामना सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा. तासभर आधी नको, कारण लहान मुलाचा सगळा उत्साह वाट बघण्यात संपतो. ही अर्ध्या तासाची सराव-धावपळ मुलांना कित्येकदा सामन्यापेक्षा जास्त आवडते: खेळाडू जाळीजवळून पळतात, बॉल लागोपाठ गोलकीपरकडे येतात, मारल्याचा धप्प आवाज जवळून ऐकू येतो. या वेळी खाली कुंपणापाशी घेऊन जा. शिट्टी वाजायच्या आधी वर जागेवर या.

बसायचं कुठं, यावर निम्मा दिवस अवलंबून असतो. गोलपोस्टच्या मागे बसू नका. मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि हुकलेला फटका थेट तिथं येतो. बाजूच्या गॅलरीत, मधल्या रेषेच्या आसपास, जमिनीपासून सात-आठ पायऱ्या वर बसा. त्याच्या खाली बसलं तर पुढच्यांची डोकी आणि कुंपण आड येतं, फार वर गेलं तर उतरताना गर्दीत अडकायला होतं. रांगेच्या कडेला, जिन्यालगत जागा धरा. हलगीवाले जिथं बसलेत तिथून लांब. दुपारी चारच्या सामन्याला ऊन पश्चिमेकडून तिरपं येतं, म्हणून पश्चिमेला पाठ होईल अशी बाजू शोधा. समोरून ऊन आलं तर पोरगं अर्धा वेळ डोळे चोळत बसतं. गेटवर कुणालाही विचारलं, की कुठल्या संघाचे लोक कुठल्या बाजूला बसतात ते सांगतात. मधली, दोन्हींकडची नसलेली जागा घ्या. काही स्पर्धांत महिलांसाठी गॅलरीचा वेगळा भाग ठेवतात. आई किंवा आजी सोबत असली तर तिथं विचारा, मुलांसाठी ती जागा बहुतेक वेळा सगळ्यात निवांत असते.

गोल होईल असं वाटलं, की पुढचे सगळे उभे राहतात आणि पोराला नेमका तोच क्षण दिसत नाही. अशा वेळी त्याला खांद्यावर घेऊ नका. पायऱ्या अरुंद, मागून धक्का येतो, आणि खांद्यावरून पडलं तर सिमेंटवरच. आपण बसलेल्या पायरीवर पोराला पुढ्यात उभं करा, आपण एक पायरी वर सरकून बसा, दोन्ही गुडघे त्याच्या दोन्ही बाजूंना, हात छातीवरून. तेवढ्याने त्याची उंची वाढते आणि मागून रेटा आला तरी तो आपल्यावर येतो.

सामना चालू असताना समालोचन करू नका. मोठ्यांना बॉल दिसतो, लहानांना दुसरंच काहीतरी दिसतं: रेफ्रीची शिट्टी, झेंडा घेऊन कडेने पळणारा लाईनमन, पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावणारा मुलगा. ते बघू द्या. कंटाळा दिसला की एक काम द्या. पाच मिनिटं फक्त गोलकीपरकडे बघ, बॉल लांब असताना तो काय करतो ते सांग. किंवा कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किक, मोज, प्रत्येक कॉर्नरला एक बोट. पिवळं कार्ड निघालं तर तेवढ्यापुरतं सांगा: पिवळं म्हणजे ताकीद, एकाच खेळाडूला दोनदा मिळालं की लाल, म्हणजे बाहेर. गोलच झाला नाही तर पोरगं हिरमुसेल ही भीती मोठ्यांनाच असते; चार कॉर्नर आणि एक चांगला अडवलेला फटका त्याला पुरतो.

शिव्या कानावर पडणार. रेफ्रीने फाऊल दिला नाही की गॅलरीतून जे निघतं, त्याचा अर्थ पोरगं मोठ्याने विचारणार. “चिडलेत ते, घरी आपण असं बोलत नाही,” एवढं सांगून विषय सोडा. हसलात तर तो शब्द रात्री जेवताना आजीसमोर येईल.

शौचालयाला विश्रांतीत जाऊ नका, सगळं स्टेडियम तेव्हाच जातं. पहिल्या हाफच्या पस्तिसाव्या-चाळिसाव्या मिनिटाला उठा. पोराने नको म्हटलं तरी न्या.

हरवलं तर काय, हे आत शिरतानाच ठरवा. बॉलपेनने मनगटाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. घामाने पुसला जातो, म्हणून तोच नंबर कागदावर लिहून खिशातही ठेवा. नाव दिसेल असं कुठं लिहू नका. गेटवर त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो मोबाईलवर काढा. घाबरलेल्या आईबापाला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. पोराला दोनच गोष्टी सांगा: मी दिसलो नाही तर जागचं हलायचं नाही, आणि मदत लागली तर खाकी कपड्यातल्या पोलिसांना किंवा लेकरू घेऊन बसलेल्या बाईला सांगायचं.

हुल्लडबाजी शाहू स्टेडियमला नवी नाही, आणि ती सांगून येते. रेफ्रीभोवती खेळाडूंचा घोळका झाला आणि हटेना, गॅलरीत लोक खेळाकडे पाठ करून शेजारच्या गॅलरीकडे बघायला लागले, पहिली बाटली उडाली, कुणी कुंपणावर चढलं. यातलं काहीही दिसलं की लगेच उठायचं, पुढं काय होतंय ते बघत थांबायचं नाही. पोराला कडेवर घ्या, तोंड आपल्या खांद्याकडे. धावू नका. सरळ गर्दीच्या मध्यातून न जाता पायरीच्या रेषेत आडवं चालत जिन्याकडे जा आणि मग उतरा. बाहेर पडायला कुठलं गेट जवळचं, हे येतानाच बघून ठेवलेलं असलं पाहिजे.

सगळं शांत असलं तरी शेवटच्या शिट्टीच्या दहा मिनिटं आधी निघा. जमलं नाही तर उलट करा: सगळे गेले की पंधरा मिनिटांनी उठा. मधल्या वेळेत गेटवर चेंगराचेंगरी, जिंकणाऱ्यांचे फटाके, गुलाल आणि सुटलेल्या मोटारसायकली हे सगळं एकदम असतं. गाडी स्टेडियमला खेटून लावू नका. पाच-सात मिनिटं चालावं लागेल इतक्या लांब लावली, तर निघताना अडकत नाही.

मुंबईत राहणाऱ्यांनी थोडा वेगळा विचार करावा. आयएसएलचे (इंडियन सुपर लीग, देशातली व्यावसायिक स्पर्धा) सामने बहुतेक संध्याकाळी साडेसातला सुरू झालेले आहेत, म्हणजे अंधेरीच्या स्टेडियमवरून घरी पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि पोरगं दुसऱ्या हाफमध्येच मांडीवर झोपतं. प्रकाशझोत बघायला छान, पण पहिल्यांदा दक्षिण मुंबईतल्या कूपरेज मैदानावरचा दिवसा होणारा स्थानिक लीगचा सामना बरा. खेळाडू जवळ दिसतात आणि गर्दी मावते.

दुसऱ्या दिवशी पोरगं बॉल मागणार. पाच नंबरचा आणू नका. आठ वर्षांच्या आतल्यांना तीन नंबरचा, परीघ ६० सेंटिमीटरच्या आसपास, वजन साधारण ३०० ग्रॅम. मोठा बॉल लहान पायाला जड जातो, पोरगं टोकाने मारायला लागतं आणि ती सवय नंतर सुटत नाही. हवा भरताना टणक करू नका. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर थोडा आत जाईल एवढीच भरा, आणि पिन आत घालायच्या आधी तिला थुंकी नाहीतर पाणी लावा, नाहीतर व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी फाटतो.