'चालकाला मी दिसतोय' हे गृहीत धरू नका : बस-रेल्वे प्रवासातल्या या चुका टाळा

बस आणि रेल्वेच्या प्रवासात आपल्या हातून होणाऱ्या बऱ्याच चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते : यंत्रणेला मी दिसतोय. चालकाने आरशात पाहिलं असेल, दाराला माझा हात कळेल, कॅमेऱ्यासमोर कोणीतरी बसलेलं असेल, धुराची खबर कोणीतरी दिलीच असेल. यातलं काहीही धरून चालू नका.

दारात अडकलेला पट्टा ओढत बसणं

आपोआप मिटणाऱ्या दारांना अडथळा कळतो हे खरं, पण तो पुरेसा जाड असला तरच. मनगट मध्ये आलं तर दार बहुधा पुन्हा उघडतं. बॅगेचा पट्टा, ओढणी, जॅकेटची नाडी मात्र इतकी बारीक असते की दारं नीट मिटली, असाच इशारा चालकाला मिळू शकतो आणि गाडी सुटते. म्हणून मागून धावत येणाऱ्या मित्रासाठी हात घालून दार अडवू नका. पट्टा अडकलाच तर तो लगेच खांद्यावरून काढा, बॅग सोडून द्या आणि मोठ्याने ओरडा. तुम्ही आत असाल आणि बाहेरच्या कोणाचं काही अडकलेलं दिसलं, तर आपत्कालीन हँडल त्याच क्षणी ओढा.

डब्यात कोणाला भोवळ आली तर गोष्ट वेगळी असते. तिथे लोक घाईघाईने हँडल ओढतात, गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी राहते आणि मदतीची सगळी सोय पुढच्या स्थानकावर राहते. काही मेट्रोंमध्ये हँडल ओढल्यावरही गाडी पुढच्या स्थानकापर्यंत जाते, काही गाड्यांना जागीच ब्रेक लागतो. आपल्या गाडीत काय होतं ते हँडलशेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं. रोजच्या गाडीतली ती पाटी एकदा शांतपणे वाचून ठेवा. आजारी माणसासाठी चालकाशी बोलायचं बटण असेल तर ते वापरा, नाहीतर गाडी स्थानकात थांबताच मदत मागा.

रुळांवर उतरणं

मोबाइल पडला तर तो तिथेच राहू द्या, कर्मचाऱ्यांना सांगा. त्यांच्याकडे वस्तू उचलायची साधनं असतात. काही मेट्रोंमध्ये रुळांशेजारीच विजेचा तिसरा रूळ असतो, त्यात साधारण ६०० ते ७५० व्होल्ट खेळत असतात. डोक्यावरच्या तारेत अनेक देशांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. त्या तारेला हात लागायचीही गरज नसते, फार जवळ गेलं तरी वीज अंगावर झेपावते. आणि वेगातल्या गाडीने ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत शेकडो मीटर पुढे गेलेली असते.

माणूस पडला तर? २६ जानेवारी २००१ रोजी टोकियोच्या शिन-ओकुबो स्थानकात एक प्रवासी रुळांवर पडला. त्याला वाचवायला एक कोरियन विद्यार्थी आणि एक जपानी छायाचित्रकार खाली उतरले. तिघेही गाडीखाली सापडून गेले. त्या दोघांच्या धैर्याबद्दल मनात फक्त आदर आहे, पण त्यानंतर जपानने फलाटांवर आपत्कालीन थांबा-बटणं वाढवली, ती याचसाठी की उडी मारण्याआधी गाडी थांबवता यावी. बटण आधी दाबा. बटण नसेल तर गाडी ज्या बाजूने येते त्या टोकाकडे धावत दोन्ही हात जोरजोरात हलवा.

फलाटाच्या कडेची उंचवट्याची पिवळी फरशी ही नुसती शोभेची रेघ नाही. जपानच्या सेइइची मियाके यांनी ती कल्पना काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा बसवली गेली, दृष्टिहीनांच्या पायांना वाट आणि धोका कळावा म्हणून. तिच्यावर बॅग ठेवलीत तर कोणाची तरी वाट बंद होते. बाबागाडी उभी करताना ती रुळांना समांतर ठेवा आणि ब्रेक लावा, कारण अनेक फलाटांना किंचित उतार असतो.

बसच्या पुढून रस्ता ओलांडणं

बसमधून उतरून तिच्याच समोरून पलीकडे जाणं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे, म्हणूनच ते धोक्याचं. काचेच्या अगदी खालचा भाग, दोन्ही कोपऱ्यांतले खांब आणि मागच्या चाकांजवळची जागा चालकाला दिसत नाही. लहान मूल तर पूर्ण झाकलं जातं. तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. शिवाय लांब बस वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, त्यामुळे कोपऱ्यावर कडेला उभा असलेला माणूस त्यांच्या वाटेत येतो. बस निघून जाऊ द्या, मग ओलांडा. आत असताना थांबा येण्याआधीच दाराकडे चालू लागू नका, विशेषतः वयस्कर माणसांनी. नुसत्या ब्रेकच्या धक्क्यानेही हाडं मोडतात.

बसमध्ये अडकून खिडकी फोडायची वेळ आलीच तर आपत्कालीन हातोडी काचेच्या मध्यभागी नव्हे, कोपऱ्याजवळ मारा.

'कोणीतरी कळवलं असेल'

या चुकीची किंमत सर्वात मोठी आहे. १८ नोव्हेंबर १९८७ ला लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली पेटती काडी पडली. साडेसातच्या सुमारास प्रवाशांना छोटी आग दिसली, पावणेआठला तिचा भडका उडाला. ३१ जण गेले. म्हणून जळका वास, बारीक धूर, बेवारस बॅग, काहीही क्षुल्लक मानू नका. सांगताना डब्याचा क्रमांक, गाडीची दिशा आणि पुढचं स्थानक सांगा. 'मी गाडीत आहे' एवढ्यावर कोणालाच तुमच्यापर्यंत पोचता येत नाही.

सूचनांची वाट पाहायची, हा नियम बरोबरच आहे. गाडी मध्येच थांबली म्हणून रुळांवर उतरू नये. पण २००३ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या देगू मेट्रोत एक गाडी पेटली असताना दुसरी तिच्या शेजारी येऊन थांबली. त्या दुसऱ्या गाडीतल्या प्रवाशांना आतच थांबायला सांगण्यात आलं. चालक गाडीची किल्ली काढून घेऊन निघून गेला आणि दारं बंद राहिली. १९२ मृतांपैकी बहुतेक याच दुसऱ्या गाडीतले होते. डब्यात धूर भरत असेल तर आधी शेजारच्या डब्यात सरका. तो मार्ग नसेल आणि गाडी फलाटाला लागलेली असेल, तर दार हाताने उघडायचा खटका वापरून बाहेर पडा. तो कुठे आहे, हे आज गाडीत बसाल तेव्हाच बघून ठेवा.

छेडछाड होताना नजर वळवणं

त्रास देणाऱ्याशी भांडायलाच हवं असं नाही, अनेकदा त्याने प्रसंग चिघळतो. जिला त्रास होतोय तिच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि ओळखीचं असल्यासारखं बोलायला लागा. "अगं, कधीची शोधतेय तुला, इकडे ये" एवढंही पुरतं. मग तिला हवी असेल तर तक्रारीला सोबत जा. तक्रार त्याच दिवशी करा, डब्याचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. कॅमेरा टिपतो, पण कोणी मागेपर्यंत ते चित्रण बहुधा कोणीच पाहत नाही, आणि ठरावीक मुदतीनंतर त्यावर नवं चित्रण चढतं.