इंजिनाचं मोठं काम: घरी खोलायचं की गॅरेजला द्यायचं?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मी टूलरूममध्ये तपासणीचं काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर नाहीतर बोअर गेज, म्हणजे बारीक मापं घ्यायची साधनं. त्यामुळे नात्यातल्या, गल्लीतल्या कुणाची गाडी धूर मारायला लागली की फोन मला येतो. "दादा, मिस्त्री म्हणतोय इंजिन बांधायला लागतंय. आपणच खोलूया का?" पाने कोणते आहेत हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, मोजलंस काय? नटबोल्ट काढणं आणि परत आवळणं हे शिकता येतं. कोणता भाग किती झिजलाय आणि तो अजून चालेल का, हे ठरवणं खरं अवघड, आणि पैसे वाचतात किंवा बुडतात ते तिथंच.

म्हणून घरी की गॅरेज हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आधी काम नेमकं काय आहे ते कळू द्या. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतो आणि थोड्या वेळात थांबतो, तर बहुतेक वेळा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. बऱ्याच इंजिनांत ती हेड (इंजिनाचा वरचा भाग) न उतरवता बदलता येतात. चढाला सतत निळा धूर आणि ऑइलच्या झाकणातून भकाभका वाफ येत असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर आणि बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर. पाणी कमी होतंय, खाली थेंब नाही, मागून पांढरा धूर आणि तापमानाचा काटा वर चढतोय, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड) यांच्यामधलं पॅकिंग. एक सांगतो, पावसाळ्यात गाडी नुसती विश्रामबाग ते मार्केट यार्ड अशी फिरत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली दमटपणाने दुधट साय धरते. तेवढ्यावरून घाबरू नका. डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलच दुधट दिसलं, तर मात्र गाडी जागेवर उभी करा.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. ही मी सोडू देत नाही. इंजिन गरम करून सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करा, बॅटरी चांगली चार्ज असू द्या. एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा, दुसऱ्याने एकेका सिलिंडरला गेज लावून आकडा लिहायचा. पेट्रोल गाडीला साधारण 150 ते 180 पीएसआय (दाबाचं माप) येतात; तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. सिलिंडरा-सिलिंडरांत 15 पीएसआयच्या वर फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर. हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

माझ्या मावसभावाच्या जुन्या वॅगनआरला एका गॅरेजने "फुल इंजिन" सांगितलं होतं. आम्ही मोजलं तर दोन नंबर आणि तीन नंबर सिलिंडर एकदम खाली, बाकी दोन ठणठणीत, आणि आत ऑइल घालून मोजलं तरी काही फरक नाही. शेजारचे दोन एकत्र पडले की त्यांच्या मधली गॅस्केट जळाल्याचा संशय घ्यायचा. हेड उतरवलं तेव्हा तेच निघालं. फुल इंजिनाच्या खर्चाचा विषय तिथंच संपला.

आता पैशाचं. कागदावर तीन रकाने करा: सामान, मशीनिंग, मजुरी. गॅस्केट सेट, रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट, ऑइल, कूलंट यांना तुम्हालाही पैसे लागतात आणि गॅरेजलाही. बोअर मारणं, होनिंग (बोअर बारीक घासणं), हेडला फेस मारणं (तळ सपाट करणं), क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) ग्राइंडिंग यातलं काहीच घरी होत नाही. म्हणजे तुमची बचत ती फक्त मजुरीची, आणि तिच्यातूनही टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळायचा पाना), फीलर गेज (बारीक फट मोजायची पाती), कॉम्प्रेशन गेज, घोड्या (गाडीखाली लावायचे स्टँड) यांचा खर्च वजा करायचा. एकाच कामासाठी हे सगळं विकत घेत असाल तर बचत बरीच आटते. गाडी रोज पोटापाण्यासाठी लागत असेल तर बंद दिवसांत दुसऱ्या गाडीला द्यावं लागणारं भाडंही त्याच कागदावर लिहा. घरी पहिल्यांदा हेड काढणाऱ्याचे दोन रविवार लांबून दोन महिने होतात, हे मी आजूबाजूला बघतोय.

जागा ही दुसरी अट. वर छप्पर, खाली सपाट कोबा, आणि उघडं इंजिन तसंच ठेवून कुलूप लावून जाता येईल अशी खोली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे जमत नाही. अंगणात करणार असाल तर पावसाळा सोडा. ऊस वाहतुकीच्या रस्त्याकडेला घर असेल तर धुळीचाही विचार करा. धुळीचा एक कण बेअरिंगमध्ये गेला तर तो क्रँक ओरबाडतो. ब्लॉक खाली उतरवायचा असेल तर चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) लागतो, आणि तो पत्र्याच्या शेडच्या पाइपला कधीही टांगू नका. गाडीखाली जाताना घोड्या लावा, नुसत्या जॅकवर विश्वास नको.

माझ्या मते बहुतेक हौशी माणसाला मधला रस्ता परवडतो. हेडपर्यंतचं काम घरी खोला, मोजायचं आणि मशीनचं काम बोअरिंगवाल्याकडे द्या, बसवताना एखाद्या जाणत्या मिस्त्रीला अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन शेजारी उभा करा. खाली जायचं असेल, म्हणजे पिस्टन, क्रँक, मेन बेअरिंग, तर गॅरेजच बरं. कॉमन रेल डिझेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं इंजिन) असेल तर मी सरळ नाही म्हणतो. त्याच्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो, त्याची बारीक धार कातडी भेदून आत जाते. सीएनजीच्या पाइपांनाही घरी हात लावायचा नाही. टाकीत 200 बारपर्यंत दाब असतो.

मोजणं म्हणजे काय, ते त्या वॅगनआरच्या हेडवरच सांगतो. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढला. ॲल्युमिनियमवर ब्लेड किंवा सँडपेपर चालवायचा नाही. मग हेड उलटं ठेवून त्यावर स्ट्रेट एज (एकदम सरळ कडेची पट्टी) धरली, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. खालून फीलर गेजचं 0.05 मिलिमीटरचं पातं घालून बघायचं. कडेला ते जात नव्हतं. मधोमध, दोन आणि तीन नंबरच्या मध्ये, 0.10 चं पातंही सहज सरकलं. मर्यादा 0.05 होती. डोळ्याला ते हेड आरशासारखं सपाट दिसत होतं. न मोजता नवीन गॅस्केट टाकून आवळलं असतं तर तीही त्याच जागी जळाली असती. मिरज रोडच्या बोअरिंगवाल्यांना विचारलं, "काका, फेस मारून कधी मिळेल?" ते म्हणाले, "आधी प्रेशर टेस्ट करू. हेडला क्रॅक असंल तर फेस मारून काय उपयोग?" असा प्रश्न विचारणारा माणूस धरून ठेवा.

बसवताना हेडबोल्ट मधून कडेला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच. काही इंजिनांत हे बोल्ट ताणले जाणारे असतात, ते एकदाच वापरायचे. टायमिंगच्या खुणा (व्हॉल्व्ह आणि क्रँक यांचा मेळ दाखवणाऱ्या) जुळल्यावर स्टार्टर मारायच्या आधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, खुणा परत बघा.

पुरात बुडालेल्या गाडीला हा सगळा हिशोब लागू नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे पूर सांगलीकरांना सांगायला नकोत. पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून बघायचा मोह आवरा. सिलिंडरमधलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या. घरी खोललीत तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला दाखवायला काही उरत नाही. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट कव्हर (पाण्याने इंजिन बिघडलं तर भरपाई देणारं) आहे का, हे मे महिन्यातच बघून ठेवा.

गॅरेज निवडताना दर शेवटी विचारा. बोअरची मापं लिहून देणार का? मशीनिंग कुठे करता? जुने भाग परत मिळतील का? हमी किती किलोमीटरची, आणि ती बिलावर येणार का? मापं विचारल्यावर जो मिस्त्री चिडतो त्याच्याकडे मी गाडी सोडत नाही. जो बोअर गेज घेऊन "या साहेब, बघा" म्हणतो, तो दोन पैसे जास्त घेत असला तरी द्या.

आणि ब्लॉकच बदलायची वेळ आली, तर भंगारातून स्वस्तात मिळालेलं इंजिन आधी कागदांसकट तपासा. कुठल्या गाडीचं, विकणारा कोण, बिल आहे का. इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. ही कागदपत्रं कोण करणार, हे गॅरेजशी काम सुरू व्हायच्या आधीच ठरवून घ्या.