पिकअपच्या स्टिअरिंगचं कपलिंग बदलताय? या चुका टाळा

दहा-बारा वर्षं माल वाहिलेल्या पिकअपचं स्टिअरिंग उभ्या गाडीत जरासं डावी-उजवीकडे हलवलं की पायाजवळून ‘टक टक’ येतं. गॅरेजमध्ये निदानही लगेच होतं: “शेठ, कपलिंग गेलंय.” बऱ्याचदा ते बरोबरच असतं. स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंगखालचा दांडा) आणि खालचा स्टिअरिंग बॉक्स (चाकं वळवणारी गिअरची पेटी) यांना जोडणारा हा हातभर अंतरातला छोटा पार्ट. काही गाड्यांत दोन फ्लँजमध्ये (शाफ्टच्या टोकांच्या चपट्या तबकड्यांमध्ये) बोल्टांनी आवळलेली रबर-कापडाची गोल चकती असते, काहींत क्रॉस (कोनातून फिरणारा अधिक-चिन्हाच्या आकाराचा सांधा) असतो, काहींत वर-खाली दोन क्रॉस आणि मध्ये सरकता शाफ्ट. टाय रॉड एंड (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) ढिला झाला तर गाडी आधी बरेच दिवस कुरकुर करते. कपलिंग सुटलं तर स्टिअरिंग हातात गोल फिरतं आणि चाकं जिकडे होती तिकडेच जातात. म्हणून इथला हलगर्जीपणा महागात पडतो.

न बघता पार्ट मागवणं. खेळ, म्हणजे सांध्यातला ढिलेपणा, नेमका कुठे आहे ते आधी पकडा. गाडी जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चावी फिरवून स्टिअरिंग लॉक उघडलेलं आणि इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग दोन-तीन बोटं इकडे-तिकडे हलवायचं, दुसऱ्याने बोनेटखाली हात घालून कपलिंग चिमटीत धरायचं. वरचं योक (शाफ्टला धरणारा कपलिंगचा भाग) हललं आणि खालचं मागे राहिलं, तर दोष कपलिंगचा. दोन्ही एकदम हलतात पण ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवणारा हात) थांबून हलतो, तर बॉक्सकडे बघा. ड्रॉप आर्म लगेच हलतो आणि चाक उशिरा, तर रॉड एंड किंवा किंग पिन (चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ). पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत एक फसगत होते. इंजिन बंद असताना बॉक्सच्या आतला टॉर्शन बार (स्टीलची बारीक कांडी) थोडा पिळतो, त्यामुळे ड्रॉप आर्म जरा उशिराच हलतो. तो खेळ नव्हे. बॉक्स तपासायचा तर इंजिन चालू ठेवूनच, आणि तेव्हा हात पंख्याच्या पट्ट्यापासून लांब.

बॉक्सचा स्क्रू आवळणं. खेळ कपलिंगमध्ये, आणि मिस्त्री बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू पिळतो. दोन दिवस स्टिअरिंग घट्ट वाटतं, गिऱ्हाईक खूश. मग वळणानंतर ते स्वतःहून सरळ येईनासं होतं आणि आतले दाते झिजायला लागतात. पाचशे-हजाराच्या कामापायी अख्खा बॉक्स बदलायची वेळ येते.

क्रॉसला वेल्डिंगचा टाका मारणं. हायवेच्या कडेला हे सर्रास चालतं. “गावापर्यंत जाल,” म्हणतात, आणि गाडी पुढे वर्षभर तशीच पळते. क्रॉसचं काम वाकलेल्या कोनातून फिरणं. त्याला जाम केलं की प्रत्येक फेरीत शाफ्ट वाकवला जातो. उष्णतेने टाक्याशेजारचा धातू कडक आणि ठिसूळ होतो, बारीक चीर तिथूनच सुरू होते, आणि बाहेरून ग्रीस-मातीखाली ती दिसतही नाही. शिवाय पिकअपची केबिन चॅसीवर रबरांवर बसलेली असते. खड्ड्यात केबिन एकीकडे, चॅसी दुसरीकडे हलते, आणि तो फरक पचवण्यासाठीच तर हा सांधा आहे. तो वितळवून बंद केला की सगळा धक्का टाक्यावर. माझं मत साफ आहे: असा टाका दिसला तर गाडी टो करून न्या. भंगारातून आणलेला क्रॉसही नको. तो आधीच एका गाडीत झिजून आलेला असतो.

हातोडीने बाहेर काढणं. गंजलेलं कपलिंग शाफ्टवरून सुटत नाही, मग खालून ठोके बसतात. ते ठोके बॉक्सच्या बेअरिंगला जातात. अपघातात आत दबावा असा बनवलेला कॉलम असेल तर त्यातल्या प्लास्टिकच्या पिना तुटतात, आणि नवीन कपलिंग बसवूनही स्टिअरिंग वर-खाली हलत राहतं. गंज सोडवणारं तेल रात्रभर सोडा. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, नुसता ढिला करून भागत नाही. योकच्या चिरेत छिन्नी हलक्या हाताने बसवून चीर किंचित उघडा, मग ते हलवत हलवत निघतं.

काढण्याआधी चाकं सरळ करा, शाफ्ट आणि योकवर पेंटची एकच रेघ मारा आणि स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून टाका. एअरबॅगच्या गाडीत स्टिअरिंग मोकळं गरगर फिरलं तर त्याखालची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते. शाफ्टवरचे खाचांचे दात एक-दोन पुढेमागे बसले आणि स्टिअरिंग वाकडं आलं, तर कपलिंग पुन्हा काढून बसवा. एकाच बाजूचा टाय रॉड फिरवून ते सरळ ‘दाखवू’ नका. बॉक्सची पकड बरोबर मध्यावर सर्वांत घट्ट असते, तुम्ही सरळ रस्त्यावर तो मध्य सोडून चालवत राहाल.

बोल्ट खाचेत न बसणं. माझ्या लेखी सगळ्यांत धोक्याची चूक हीच, कारण ती दिसत नाही. शाफ्टच्या टोकाजवळ एक अर्धगोल खाच कापलेली असते आणि योकचा बोल्ट तिच्यातून आडवा जातो. शाफ्ट अर्धाच आत गेला तर बोल्ट टोकाच्या पलीकडून निघून जातो, नट मस्त आवळला जातो, गाडीही चालते. बोल्ट घालण्याआधी टॉर्च मारून भोकातून बघा, खाच दिसलीच पाहिजे. बोल्ट बोटाने आत सरकायला हवा. ठोकावा लागत असेल तर थांबा. मग नट लावायच्या आधीच योक जोराने ओढून बघा, सुटता कामा नये. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातला साधा नको, जुन्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असेल तर तोच ग्रेड (बोल्टच्या ताकदीचा आकडा) घ्या. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा) नवा. घट्टपणा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या).

दोन क्रॉसचा शाफ्ट असेल तर मधल्या तुकड्याची दोन्ही योकं एका रेषेत ठेवा. सरकता भाग एक-दोन दात चुकला की स्टिअरिंग प्रत्येक फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं, आणि दोष पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर ढकलला जातो.

नवी रबर चकती सहा महिन्यांत फुगली तर वर बघा: पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल तिच्यावर गळतंय. केबिनचे माउंटिंग रबर बसले असतील तरी चकती कायम ओढलेली राहते. दोन फ्लँजमधलं अंतर सगळीकडे सारखं दिसत नसेल तर आधी ते रबर बदला.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 98 नुसार स्टिअरिंगवरचा खेळ 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही, आणि जोडांचे बोल्ट लॉक केलेले हवेत. 38 सेंटीमीटरच्या स्टिअरिंगवर 30 अंश म्हणजे कडेला जवळजवळ 10 सेंटीमीटर! फिटनेसला पास होईल म्हणून तिथपर्यंत वाट बघू नका.

काम झाल्यावर मोकळ्या मैदानात दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ब्रेकची नळी किंवा वायर कुठे अडकत नाही ना. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. आणि रबरी कपलिंग बदलल्यावर अचानक हॉर्न गेला तर फ्यूज शोधत बसू नका. काही गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग (वीज परत जाण्याची वाट) कॉलममधून जातं. रबर वीज अडवतं, म्हणून चकतीवरून तांब्याची एक पट्टी किंवा वायर आलेली असते. ती जुन्या कपलिंगबरोबर कचऱ्यात गेलेली असते.