फ्रेम न कापता थंडरबर्डची कॅफे रेसर

कॅफे रेसर, म्हणजे हँडल खाली, पाय मागे आणि चपटी सीट असलेली गाडी, करायची ठरली की बहुतेकांच्या हातात सगळ्यात आधी ग्राइंडर येतो. मागची फ्रेम कापायची, तिथे गोल वाकवलेला पाइप वेल्ड करायचा, वर चपटी सीट ठेवायची. रॉयल एनफिल्डच्या थंडरबर्ड ३५० वर हे करू नका. शॉकअपचा वरचा बोल्ट ज्या नळीवर बसतो, तिच्याजवळ घाईने मारलेलं वेल्डिंग सिंगल सिलिंडरच्या थरथराटाने वर्षभरात तडकतं, आणि ती तडक रंगाखाली असल्यामुळे दिसत नाही. दुसरं कारण कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून खाली दिलेली पद्धत पूर्णपणे नट-बोल्टची आहे. मूळ गाडीचा एकही पाइप कापायचा नाही, आणि काढलेल्या भागांची पेटी जपून ठेवली तर एका दुपारी गाडी पुन्हा होती तशी उभी राहिली पाहिजे. याचा अर्थ आरटीओची हरकत येणारच नाही असा नाही. काय बदलता येईल हे आधी विचारून घ्या. पण परत फिरायचा रस्ता मोकळा राहतो.

उदाहरणाला २०१२ ते २०२० मधली कार्ब्युरेटरची थंडरबर्ड ३५० घेतली आहे. ३४६ सीसीचं यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), २० लिटरची टाकी, पुढे १९ आणि मागे १८ इंची चाक, दोन्हीकडे डिस्क. लांब पल्ल्यासाठी आखलेली गाडी असल्यामुळे हँडल मागे ओढलेलं, पाय पुढे आणि बसायची जागा खोलगट. कॅफे रेसरला नेमकं उलटं लागतं. १९५० च्या दशकात लंडनच्या एस कॅफेभोवतीची पोरं हँडल खाली आणि पाय मागे न्यायची ते वारा कापण्यासाठी. आपल्या हातात जेमतेम २० बीएचपी आहेत, तेव्हा वेगाचा विषय सोडून द्या. हे काम बैठकीचं आणि रेषेचं आहे.

सुटी करण्याआधी शंभर किलोमीटर

जुनी गाडी आणली की लगेच उघडू नका. आहे त्या अवस्थेत शंभर किलोमीटर चालवा आणि लिहून ठेवा: धूर येतो का, तेल कुठून झिरपतं, ६०-७० च्या वेगात हँडल थरथरतं का, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का. हे न करता गाडी उघडली तर जोडल्यावर आलेला दोष जुना की आपण घातलेला, हे कळायला मार्ग उरत नाही. पुढचं चाक अधांतरी उचलून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला आहे. तो आताच बदला, कारण हँडल खाली गेल्यावर पुढच्या चाकावरचा भार वाढतो आणि हा दोष जास्त जाणवतो. फोर्कचं, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचं, तेल आणि सीलही याच वेळी बदला. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतात का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, तेही पाहून घ्या. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग काम. तपासणीला मूळ रूपातली गाडी नेणं केव्हाही सोपं.

रेष

गाडी सपाट जमिनीवर सरळ उभी करा. दहा-बारा फुटांवरून, कॅमेरा टाकीच्या उंचीला धरून बाजूचा फोटो काढा आणि मोठा छापून घ्या. टाकीच्या खालच्या कडेवरून मागपर्यंत पट्टीने एक रेष मारा. कॅफे रेसर चांगली की ओढूनताणून केलेली, हे ही रेष ठरवते. सीटचा तळ तिला धरून गेला तर स्वस्तातली गाडीही नीटस दिसते. तुटला तर महागाचे सुटे भाग लावूनही काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

थंडरबर्डमध्ये चालकाच्या जागी ही रेष खाली कोसळते आणि मागच्या सीटला पुन्हा चढते. फ्रेम कापायची नसल्यामुळे इलाज एकच: तो खड्डा सीटच्या तळाने भरून काढायचा. बसायची उंची त्यामुळे ३० ते ४० मिलिमीटर वाढते. आधी त्या उंचीचा लाकडी फळकुटाचा तुकडा ठेवून बसून बघा. दोन्ही टाचा टेकत नसतील तर खड्डा अर्धाच भरा.

सीट

तळ फायबरचा करा. पत्र्यापेक्षा आकार देणं सोपं जातं. फ्रेमवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, तिच्यावर मेणाचे दोन हात फिरवा आणि ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) काचतंतूच्या मॅटचे चार थर पॉलिस्टर रेझिनने बसवा. प्रत्येक थरातली हवा ब्रशने ठोकून काढा. हार्डनरचं (रेझिन घट्ट करणाऱ्या द्रवाचं) प्रमाण ऋतूप्रमाणे बदलतं: मे महिन्यात विदर्भात किलोभर रेझिनला १० मिली पुरे, थंडीत २० मिलीपर्यंत. उन्हाळ्यात जास्त घातलं तर डब्यातच दही लागतं, आणि लवकर तापलेला तळ नंतर तडकतो. रेझिनमध्ये कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) वेगळा घालायचा असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, हे अजिबात विसरू नका.

चोवीस तासांनी कडा कापा. खाली ३ मिलिमीटर जाडीच्या रबराच्या चकत्या देऊन मूळ सीटच्याच बोल्टांवर तळ बसवा. वर ४० मिलिमीटर रिबॉन्डेड (तुकडे दाबून चिकटवलेला, कडक) फोम आणि त्यावर १० मिलिमीटर मऊ फोम. सीटवाला नुसता मऊ फोम सुचवेल, दुकानात बसून बघताना तो छानही लागतो. तासाभराच्या प्रवासात तो दबून तळाला टेकतो.

मागचा फुगीर भाग, म्हणजे हंप, वेगळा करा. तो मागच्या सीटवर टोपीसारखा बसावा आणि दोन बोल्टांवर सुटावा. गाडी आरसीवर दोघांची आहे, ती दोघांचीच राहू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पक्की पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण लागतं. म्हणजे साडीगार्ड काढायचा नाही. तो अवजड दिसतो हे खरं, पण काळा मॅट रंग दिला की नजरेतून बराचसा निसटतो.

सीट पक्की करण्याआधी दोन्ही शॉकअप सोडा आणि जॅकने मागचं चाक वर उचला. मागच्या चाकाचा वर-खाली प्रवास ८० मिलिमीटरचा आहे. चाक पूर्ण वर आल्यावरही टायर आणि तळ, मडगार्ड, वायरी यांच्यात बोटभर तरी जागा राहिली पाहिजे. पहिल्याच खड्ड्यात टायरने वायरिंग खाल्लेल्या गाड्या गॅरेजमध्ये नेहमी येतात, आणि त्या प्रत्येकीत हीच एक तपासणी राहून गेलेली असते.

हँडल आणि पाय, एकत्रच

हँडल खाली आणि पाय जागच्या जागी, ही सगळ्यात जास्त केली जाणारी चूक. अशा बैठकीत कंबर घडी घातल्यासारखी मुडपते आणि पाऊण तासात मनगटं बधिर होतात. हँडल खाली नेणार असाल तर फूटरेस्ट मागे न्यावेच लागतात.

रोजच्या वापराच्या गाडीला क्लिप-ऑन (थेट फोर्कच्या पाइपांना आवळायची दोन सुटी हँडलं) लावू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ क्लॅम्पमध्ये बसणारं, खाली वळलेलं २२ मिलिमीटरचं एस बार पुरेसं होतं. तरीही क्लिप-ऑनच हवे असतील तर फोर्कचा पाइप व्हर्नियरने मोजा. या थंडरबर्डचे पाइप ४१ मिलिमीटरचे आहेत, त्या काळच्या क्लासिकचे ३५. दुकानदार ‘एनफिल्डचा’ म्हणून देईल तो बहुधा ३५ चा असतो. कुठलंही हँडल बसवल्यावर दोन्ही टोकांना वळवून अंगठा आणि टाकीत किमान २० मिलिमीटर अंतर आहे का ते बघा. थंडरबर्डची टाकी पुढून रुंद आहे. पार्किंगमध्ये गाडी वळवताना अंगठा चेमटतो तो इथेच.

हँडल खाली आलं की क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल लांब पडतात. त्या टाकीखाली कोंबू नका, दुसऱ्या वाटेने मोठ्या वळणात न्या. मग इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडून उजवीकडे फिरवा. आरपीएम वाढला तर केबल ताणली जाते आहे, आणि वळणावर गाडी आपोआप पळेल. ब्रेकच्या तेलाची डबी शक्य तितकी आडवी ठेवा. ती तिरकी राहिली तर तेल कमी झाल्यावर हवा ओढते. नळी बदलली तर बँजो बोल्टच्या (नळीच्या टोकाच्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या चकत्या नव्या घाला आणि डॉट ४ तेल भरून हवा काढा. एबीएस असलेल्या गाडीची नळी घरी उघडू नका.

रिअर-सेट, म्हणजे मागे नेलेले फूटरेस्ट, मूळ जागेपासून साधारण १२० ते १५० मिलिमीटर मागे आणि ५० वर पुरतात. डावीकडे गिअरची जोडदांडी करताना दोन्ही टोकांना ‘रोज जॉइंट’ (गोळीवर फिरणारे सांधे) घ्या, एकाचे आटे उलटे असलेले. मग दांडी न काढता लांबी जुळवता येते. दांडी आणि लीव्हर यांच्यात मधल्या स्थितीत काटकोन हवा, नाहीतर वरचे गिअर पडतात आणि खालचे अडकतात. इंजिनाच्या शाफ्टवरचा तुकडा उलटा बसवलात तर पहिला गिअर खालऐवजी वर जातो. काहींना ते आवडतं. पण दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी देताना हे सांगायला विसरलात तर पंचाईत होते.

खरी अडचण उजवीकडे आहे. मागचा ब्रेक हायड्रॉलिक असल्यामुळे पेडलबरोबर मास्टर सिलिंडरही सरकवावा लागतो. त्याची ढकलदांडी सरळ रेषेत गेली पाहिजे, आणि पेडल सोडल्यावर तिच्यात १ ते २ मिलिमीटर सैलपणा राहिला पाहिजे. तो नसेल तर पॅड डिस्कला घासत राहतात, तेल तापून फुगतं आणि पाच-दहा किलोमीटरवर मागचं चाक जाम होतं. ब्रेक लाइटचा स्विच नव्या पेडलला जोडायला विसरू नका, आणि किक असेल तर तिची पूर्ण फेरी मोकळी आहे का ते हाताने फिरवून बघा.

बॅटरी, वायरिंग, हवा

बाजूचं कव्हर रिकामं दिसावं म्हणून छोटी बॅटरी बसवायचा मोह होतो. तो टाळा. यूसीई इंजिनात स्टार्टर आणि क्रँकच्या मध्ये स्प्रॅग क्लच, म्हणजे एकाच दिशेने जोर पोचवणारा क्लच, असतो. बॅटरी कमजोर असली की स्टार्टर इंजिनाला कॉम्प्रेशनच्या पलीकडे ढकलू शकत नाही, इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. मग डावीकडचं कव्हर उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. १२ व्होल्ट १४ अँपिअर-अवरचीच बॅटरी ठेवा.

इंडिकेटर एलईडी केले तर भार कमी होतो आणि ते भराभर लुकलुकतात. जुना फ्लॅशर काढून इलेक्ट्रॉनिक घाला. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो, म्हणून सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा. रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा वीज नियंत्रक) हंपमध्ये लपवू नका, तो तापतो आणि त्याला वारा हवा असतो.

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकूसारखा फिल्टर लावायची फॅशन आहे. या गाडीचा कार्ब्युरेटर सीव्ही जातीचा आहे. त्यातली स्लाइड आतल्या हवेच्या दाबाच्या फरकावर उचलली जाते आणि डबा काढला की तो फरकच बिघडतो. मधल्या आरपीएमला गाडी गुदमरते, मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरे पडतात. डबा ठेवा. सायलेन्सरही मूळचाच ठेवा. १७५ सीसीवरच्या दुचाकींना उत्पादनाच्या वेळची मर्यादा ८० डेसिबलची आहे, आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या पुण्या-नागपूरच्या वाचकांना नव्या नाहीत. ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज आला तर आधी हेडकडचं सायलेन्सरचं पॅकिंग तपासा. बहुतेक वेळा हवा तिथूनच शिरत असते.

मागची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट एकदाच बसणाऱ्या कुलपी रिव्हेटवर असते. ती सोडवायला गेलात तर तुटते आणि नवी मागवावी लागते. जिच्यावर प्लेट बसली आहे ती पट्टीच पूर्ण हलवा.

रंग शेवटी

सगळं जोडून, बिनरंगाची गाडी दोनशे किलोमीटर चालवा. या फेरीत काहीतरी घासतंच, कुठलं तरी भोक मोठं करावं लागतं. आधी रंगवलेल्या गाडीवर ते ओरखडे आयुष्यभर दिसतात.

टाकीला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावायचा नाही. पेट्रोल काढलं तरी वाफ आत राहते आणि तिचाच स्फोट होतो. पोचे पुटीने भरा, पण थर २ मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून खोल पोचा आधी डेंटरकडून ओढून घ्या. प्रायमरवर ४०० चा, मग ८०० चा पाणकागद, त्यावर टूके (दोन भाग मिसळून लावायचा) पीयू रंग. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका, दमट हवेत रंगावर पांढरट धुकं बसतं. रंगाची नोंद आरसीवर असते. मूळ रंगाच्याच गडद-फिकट छटेत राहिलात तर प्रश्न येत नाही. पूर्ण वेगळा रंग हवा असेल तर आधी आरटीओत अर्ज करा.

शेवटच्या जोडणीत रिअर-सेट, हँडल आणि सीटच्या बोल्टांना निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) आणि शक्य तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). प्रत्येक नट कसल्यावर त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा. ५० किलोमीटरनंतर, २०० नंतर आणि ५०० नंतर नुसती नजर फिरवायची: रेघ तुटली तिथला नट सैल झाला आहे. त्याच वेळी चेनचा सैलपणा चालकाला सीटवर बसवून पुन्हा मोजा, कारण बसायची जागा आता मागे गेली आहे आणि मागचे शॉकअप पूर्वीपेक्षा जास्त दबतात. ते फारच दबत असतील तर त्यांची कडकपणाची पायरी एकाने वाढवा. दोन्ही बाजूंना एकच आकडा, आणि वाढवताना गाडी मधल्या स्टँडवर.